एक बोर्ड, तीन इमेज: यॉक्टोत इमेजनुसार पॅकेज आणि कॉन्फिग सांभाळण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत एम्बेडेड लिनक्सचं काम करणाऱ्या बऱ्याच टीम लहान असतात. अंधेरी एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात चार-पाच जण, एक बिल्ड सर्व्हर आणि एकच बोर्ड. पण त्या बोर्डासाठी इमेज (बोर्डावर चढवायची तयार सिस्टिम) मात्र तीन लागतात: डेव्हलपरच्या टेबलावरची (डेव्ह), फॅक्टरीत टेस्टिंगची (टेस्ट) आणि गिऱ्हाइकाकडे जाणारी (फील्ड). या तिघींत फरक कुठे आणि कसा ठेवायचा, यावरच सगळ्यात जास्त वेळ जातो. यॉक्टोत, म्हणजे बोर्डासाठी स्वतःचं लिनक्स बनवायच्या साधनसंचात, हे कसं करायचं त्याबद्दलचे खालचे प्रश्न आहेत.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच उपकरण धरलं आहे: हाउसिंग सोसायटीच्या पाण्यावर लक्ष ठेवणारा गेटवे. पालिकेचं पाणी ठरावीक वेळेला येतं, तेव्हा तळटाकी भरते, तिथून पंप गच्चीवरच्या टाकीत चढवतो. गेटवे दोन्ही टाक्यांची पातळी मोजतो, पंप चालू-बंद करतो आणि नोंद सर्व्हरला पाठवतो.

व्हेरिएबलची आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत जातात, व्हेरिएबल मोठ्या अक्षरांत.

इमेजच्या रेसिपीत दुसऱ्या रेसिपीचं पॅकेजकॉन्फिग लिहिलं. बिल्ड बिनतक्रार झालं, पण फरक शून्य. असं का?

हा एक प्रश्न नीट समजला की बाकीचे निम्मे आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रेसिपी म्हणजे एखादी गोष्ट कशी बिल्ड करायची हे सांगणारी फाइल, आणि पॅकेजकॉन्फिग म्हणजे तिच्यातले कंपाइल करतानाचे ऐच्छिक पर्याय.

बिटबेक (यॉक्टोचं बिल्ड चालवणारं साधन) आधी सगळ्या कॉन्फ फाइल वाचतं: लेयरच्या (रेसिपींचे गट), मशीनच्या, डिस्ट्रोच्या (आख्ख्या वितरणाची सेटिंग) आणि तुमची लोकल.कॉन्फ. त्यात लिहिलेलं सगळ्या रेसिपींना दिसतं. त्यानंतर प्रत्येक रेसिपी वेगळी वाचली जाते. तिला त्या सामायिक माहितीची स्वतःची प्रत मिळते आणि रेसिपीत जे काही लिहाल ते त्या प्रतीपुरतंच राहतं. इमेज हीसुद्धा एक रेसिपीच. तिच्यात लिहिलेलं कर्ल किंवा क्यूटी अशा लायब्ररीच्या रेसिपीला कळायला मार्गच नाही. बिटबेकच्या दृष्टीने तुम्ही एक निरुपयोगी व्हेरिएबल भरलंत, त्यात चूक काही नाही, म्हणून तक्रारही नाही.

दुसरी बाजू अशी की एका मशीन-डिस्ट्रोच्या जोडीसाठी प्रत्येक रेसिपी एकदाच बिल्ड होते. तिच्यातून पॅकेजं निघतात आणि तिन्ही इमेज त्याच ढिगातून पॅकेजं उचलतात. खानावळीत आमटी एकाच पातेल्यात होते. कुणाच्या ताटात वाढायची आणि कुणाच्या नाही हे ठरवता येतं, पण वाढताना एकाच ताटातली आमटी कमी तिखट करता येत नाही.

म्हणून कुठलाही बदल करण्याआधी स्वतःला विचारा: हा फरक कंपाइल करतानाचा आहे की फाइल ठेवतानाचा? ठेवतानाचा असेल तर जागा इमेजच्या रेसिपीत. कंपाइलचा असेल तर डिस्ट्रोत, किंवा वेगळ्या रेसिपीत.

मग नेमकं काय इमेजनुसार बदलता येतं?

कुठली पॅकेजं बसणार (इमेज_इन्स्टॉल), कुठली फीचर चालू (इमेज_फीचर्स), भाषा (इमेज_लिंग्वाज), फाइलसिस्टिमचा प्रकार (इमेज_एफएसटाइप्स), वापरकर्ते आणि रूट फाइलसिस्टिम तयार झाल्यावर चालणारी तुमची फंक्शन्स. लायसन्सची अटसुद्धा. इन्कम्पॅटिबल_लायसन्स इमेजच्या रेसिपीत लिहिलं तर त्या इमेजमध्ये बसणाऱ्या पॅकेजांवर तपासणी होते. गिऱ्हाइकाच्या इमेजमध्ये जीपीएल 3 नको, टेबलावरच्या इमेजमध्ये चालेल, अशी अट असेल तर हे फार कामाचं आहे.

इमेजनुसार बदलत नाहीत त्या गोष्टी: पॅकेजकॉन्फिग, प्रिफर्ड_व्हर्जन, डिस्ट्रो_फीचर्स, सेवा सुरू करायला सिस्टिमडी की सिसव्हीइनिट ही निवड, कंपायलरचे फ्लॅग. डिस्ट्रो_फीचर्स आणि इमेज_फीचर्स ही नावं जुळ्या भावंडांसारखी दिसतात म्हणून नवीन माणूस हमखास अडकतो. पहिलं कंपाइल कसं होणार ते ठरवतं, दुसरं फक्त इमेज जुळवताना कुठली पॅकेजं उचलायची आणि काय बदलायचं ते.

लोकल.कॉन्फमध्ये इमेज_इन्स्टॉल += लिहिलं तर चालेल ना?

नाही. आणि त्रास असा की दोन इमेजवर त्याचे दोन उलटे परिणाम होतात.

यॉक्टोसोबत येणारी कोअर-इमेज-मिनिमल ही इमेज तिच्या रेसिपीत साध्या = ने यादी भरते. लोकल.कॉन्फ आधी वाचली जाते, मग रेसिपी त्यावर स्वतःची यादी लिहिते. तुम्ही भरलेलं पॅकेज, समजा स्ट्रेस (strace हे डीबगचं साधन), नाहीसं. कोअर-इमेज-बेस मात्र क्लासमधल्या (अनेक रेसिपींच्या सामायिक फाइलमधल्या) ?= वर अवलंबून आहे, म्हणजे "आधी कुणी काही भरलं नसेल तरच ही किंमत". तुम्ही += ने एक शब्द भरलेला असतो, त्यामुळे क्लासची मूळ यादी लागूच होत नाही. इमेज तयार होते, पण बूटसाठी लागणारा पॅकेजग्रुपच तिच्यात नसतो.

लोकल.कॉन्फमध्ये लिहायचंच असेल तर अपेंड वापरा आणि इमेजचं नाव जोडा:

इमेज_इन्स्टॉल:अपेंड:पीएन-गेटवे-डेव्ह = " स्ट्रेस"

अवतरणचिन्हानंतरची मोकळी जागा विसरू नका. अपेंड स्वतःहून जागा सोडत नाही, त्यामुळे तुमचं पॅकेज यादीतल्या शेवटच्या नावाला चिकटतं आणि "असं पॅकेज कुणीच देत नाही" अशी चूक येते. इमेजचं नाव जोडलं नाहीत तर स्ट्रेस तिन्ही इमेजमध्ये जाईल, गिऱ्हाइकाच्यासुद्धा.

पीएन इथे का चालतं? कारण इमेज_इन्स्टॉल हे इमेजच्या रेसिपीचं स्वतःचं व्हेरिएबल आहे आणि तिथे पीएन म्हणजे इमेजचं नाव. तीच युक्ती कर्लच्या पॅकेजकॉन्फिगला लावली तर चालत नाही, कारण तिथे पीएन म्हणजे कर्ल.

माझं मत स्पष्ट आहे. लोकल.कॉन्फ ही त्या-त्या डेव्हलपरच्या मशीनपुरती. विकायला जाणाऱ्या इमेजबद्दलची एकही ओळ तिच्यात असू नये. ती गिटमध्ये नसते, आणि सहा महिन्यांनी तीच इमेज पुन्हा बनवायची वेळ आली की हाती काही उरत नाही.

अपेंडच्या आधी अंडरस्कोर की कोलन? जुन्या लेखांत वेगळं दिसतं.

यॉक्टोच्या ऑक्टोबर 2021 च्या 3.4 आवृत्तीपासून कोलन. जुन्या लेयरमध्ये अंडरस्कोर असेल तर ओपनएम्बेडेड-कोअर या मूळ लेयरच्या स्क्रिप्ट्स फोल्डरात रूपांतराची स्क्रिप्ट आहे. ती चालवा, पण निकाल डोळ्यांखालून घाला. मात्र फीचर_पॅकेजेस_ हे आजही अंडरस्कोरनेच लिहायचं.

कॉन्फिग फाइल इमेजनुसार वेगळी हवी. टेबलावरच्या गेटवेने ऑफिसच्या टाइम सर्व्हरशी बोलायचं, सोसायटीतल्याने बाहेरच्या. हे कसं करायचं?

कॉन्फिगचं वेगळं पॅकेज करा. फार वेळा हेच उत्तर बरोबर असतं, आणि फार वेळा लोक ते टाळतात, कारण एका सात ओळींच्या फाइलसाठी आख्खी रेसिपी लिहिणं जास्तीचं वाटतं. तसं ते नाही.

टाइम सर्व्हरशी घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीचंच बघू. गेटवेचं घड्याळ चुकलं तर पंपाची वेळ चुकते, म्हणून ही फाइल महत्त्वाची. पहिला विचार येतो तो असा: एकच रेसिपी, तिच्यातून दोन पॅकेजं, दोन्हींत इटीसीखाली क्रोनी.कॉन्फ. हे जमत नाही. रेसिपीचा इन्स्टॉल टास्क एकाच फोल्डरात फाइल मांडतो आणि एका वाटेवर एकच फाइल राहू शकते. दोन वेगळ्या रेसिपी केल्या तरी मूळ क्रोनी पॅकेजमध्ये ती फाइल आहेच. एकाच फाइलवर दोन पॅकेजांनी हक्क सांगितला की रूटएफएसच्या (रूट फाइलसिस्टिम बनवणाऱ्या) टास्कमध्ये पॅकेज मॅनेजर भांडण काढतो.

सुटका सोपी आहे. क्रोनी 4.0 पासून कॉन्फडिर नावाचा निर्देश आहे: अमुक फोल्डरातल्या .कॉन्फने संपणाऱ्या सगळ्या फाइल वाच. क्रोनीच्या बीबीअपेंडमध्ये (मूळ रेसिपीला भर घालणारी तुमच्या लेयरमधली फाइल) मुख्य फाइल एकदाच बदला, तिच्यातून सर्व्हरच्या ओळी काढा आणि कॉन्फडिरची एक ओळ घाला. मग "गेटवे-वेळ" नावाची छोटी रेसिपी. ती त्या फोल्डरात दोन फाइल ठेवते, ऑफिस.कॉन्फ आणि फील्ड.कॉन्फ. पॅकेजेस व्हेरिएबलमध्ये दोन नावं लिहा, गेटवे-वेळ-ऑफिस आणि गेटवे-वेळ-फील्ड, आणि फाइल्स व्हेरिएबलने प्रत्येकीला तिची एकच फाइल द्या. आरकॉन्फ्लिक्ट्स लावून दोघी एकत्र बसणार नाहीत हे पक्कं करा. शेवटी प्रत्येक इमेजच्या यादीत यांपैकी एक नाव.

आता फायदा मोजा. कुठल्या इमेजमध्ये कुठला सर्व्हर आहे हे मॅनिफेस्टमधल्या (इमेजमधल्या पॅकेजांच्या यादीतल्या) एका ओळीत दिसतं. फाइल बदलली की एसआरसी_यूआरआयमुळे (रेसिपीला लागणाऱ्या फाइलींची यादी) बिटबेकला कळतं आणि लागेल तेवढंच पुन्हा बिल्ड होतं. पुढे पॅकेज फीडवरून अपडेट द्यायचं ठरलं तरी गाडी अडत नाही.

हाच मार्ग इतर ठिकाणीही आहे: सिस्टिमडीच्या युनिटची .डी फोल्डरं, सिसकंट्रोल, सुडोअर्स. ओपनएसएसएचमध्येही 8.2 पासून इन्क्लूड चालतं. जिथे असं फोल्डर नाही तिथे दोन्ही फाइल वेगळ्या नावांनी ठेवा आणि अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज क्लासने खरं नाव जोडा.

रूटएफएस_पोस्टप्रोसेस_कमांडने फाइल थेट बदलली तर काय बिघडतं? ते तर पाच मिनिटांचं काम आहे.

काही कामांना तेच योग्य आहे. बिल्डची तारीख आणि गिट कमिट एका फाइलमध्ये लिहिणं, नको असलेली फाइल काढणं, परवानग्या बदलणं ही खरोखर आख्ख्या इमेजची कामं आहेत, कुठल्या एका पॅकेजची नाहीत.

पॅकेजच्या मालकीची फाइल त्यातून बदलू लागलात की अडचणी येतात. पॅकेज मॅनेजरला बदल माहीत नसतो, त्यामुळे उपकरणावर ते पॅकेज अपडेट झालं की तुमचा बदल पुसला जाऊ शकतो. फंक्शनचा मजकूर बदलला तर टास्क पुन्हा चालतो, पण फंक्शनने लेयरमधली एखादी फाइल थेट वाटेने कॉपी केली असेल आणि ती फाइलच बदलली, तर बिटबेकला पत्ता लागत नाही आणि जुनीच इमेज हाती येते. मग एसआरसी_यूआरआयमध्ये टाकावी म्हटलं तर इमेजच्या रेसिपीत फेच आणि अनपॅक हे टास्क रिकामेच ठेवलेले असतात.

आणि एक धोका. फंक्शनमध्ये प्रत्येक वाट इमेज_रूटएफएसपासून सुरू झाली पाहिजे. तो उपसर्ग गळला तर कमांड तुमच्या बिल्ड सर्व्हरच्या फाइलवर चालते. कोड रिव्ह्यूत हे एक तरी डोळ्यांत तेल घालून बघा.

कंपाइललाच फरक हवा असेल तर? फॅक्टरीच्या इमेजमध्ये आमच्या पंप-सेवेत सेन्सर टेस्टचा मोड हवा, फील्डमध्ये तो कोड असताच कामा नये.

तीन मार्ग आहेत आणि त्यांची किंमत चढत जाते.

तुमचाच प्रोग्रॅम असेल तर एका डॉट-इंक फाइलमध्ये सामायिक भाग ठेवा आणि दोन रेसिपी करा: पंपसेवा आणि पंपसेवा-टेस्ट. दोघी इंक फाइल मागवतात, फरक फक्त पॅकेजकॉन्फिगचा. एकच प्रोग्रॅम, लायब्ररी नाही, दुसरं काही त्याच्यावर अवलंबून नाही, अशा वेळी यापेक्षा पुढे जाऊ नका. लायब्ररीला मात्र हे लावू नका. दोन रेसिपींनी एकच हेडर आणि एकच .एसओ द्यायला सुरुवात केली की तिच्यावर अवलंबून असलेल्यांच्या सिसरूटमध्ये (कंपाइलसाठी लागणारी हेडर आणि लायब्ररी जिथे जमा होतात ते फोल्डर) गोंधळ होतो.

दुसरा मार्ग म्हणजे दोन डिस्ट्रो. गेटवे.कॉन्फ आणि तिला मागवून थोडी बदलणारी गेटवे-फॅक्टरी.कॉन्फ. फरक अनेक रेसिपींत पसरलेला असेल, किंवा डिस्ट्रो_फीचर्सच वेगळी हवी असतील, तर हेच प्रामाणिक उत्तर आहे. तुम्ही खरोखर दोन वेगळी वितरणं बनवत आहात, मग तसं लिहा.

तिसरा, मल्टिकॉन्फिग, हा दुसऱ्याच्याच वरचा मजला आहे. कॉन्फ/मल्टिकॉन्फिग फोल्डरात फॅक्टरी.कॉन्फ आणि फील्ड.कॉन्फ, बीबीमल्टिकॉन्फिगमध्ये ती दोन नावं, आणि मग बिटबेक एमसी:फॅक्टरी:गेटवे-टेस्ट अशी हाक. एकाच हाकेत दोन्ही बिल्ड होतात आणि एकमेकांवर अवलंबूनही ठेवता येतात. प्रत्येकाला वेगळी टीएमपीडिर (बिल्डचं फोल्डर) द्या. एसस्टेट कॅश (आधी झालेल्या बिल्डचा साठा) सामायिक राहते, त्यामुळे जिथे फरक नाही ते पुन्हा कंपाइल होत नाही. पण डिस्क वाढते आणि पार्सिंगचा वेळही. आरएम_वर्क क्लास लावा, काम झालेल्या रेसिपींची फोल्डरं तो साफ करतो. चार जणांच्या टीमने इथून सुरुवात करू नये असं मला मनापासून वाटतं. आधी पहिला मार्ग पुरतो का बघा.

डेव्ह इमेज तयार आहे. तिच्यातून डीबगची पॅकेजं वजा करून फील्डची बनवू का?

उलट करा. गेटवे-बेस.इंक मध्ये फील्डला लागेल तेवढंच ठेवा. फील्डची इमेज ती मागवते आणि जवळपास तिथेच थांबते. डेव्ह आणि टेस्ट त्यात भर घालतात.

वजाबाकीत विसरलेली गोष्ट गिऱ्हाइकाकडे जाते. बेरजेत विसरलेली गोष्ट डेव्हलपरच्या टेबलावर लगेच कळते. शिवाय :रिमूव्ह सगळ्यात शेवटी लागू होतं. एकदा लिहिलं की वरच्या लेयरने कितीही अपेंड केलं तरी ते पॅकेज परत येत नाही.

डीबग-ट्वीक्सबद्दल मुद्दाम सांगतो. या फीचरमुळे रूटला पासवर्डशिवाय आत जाता यायचं आणि नमुन्याच्या लोकल.कॉन्फमध्ये ते अनेक वर्षं आधीपासूनच चालू असायचं. यॉक्टो 5.2 मध्ये ते काढलं, आता त्याऐवजी सुटी फीचर लिहायची: अलाव-एम्प्टी-पासवर्ड, एम्प्टी-रूट-पासवर्ड, अलाव-रूट-लॉगिन, पोस्ट-इन्स्टॉल-लॉगिंग. 5.0 वर असाल तर तुमच्या फील्ड बिल्डच्या लोकल.कॉन्फमध्ये ते आजच शोधा. सोसायटीच्या पंपाचा ताबा त्या गेटवेकडे आहे.

वापरकर्ते आणि पासवर्ड इमेजनुसार कसे ठेवायचे?

एक्स्ट्रायूजर्स क्लास इमेजच्या रेसिपीत लावा. पासवर्ड हॅश करूनच द्या आणि हॅशमधल्या प्रत्येक डॉलर चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ टाका, नाहीतर शेल तो भाग गिळतो. इमेजमधला पासवर्ड त्या इमेजच्या प्रत्येक नगात सारखाच असतो, म्हणून फील्डमध्ये पासवर्ड लॉगिन बंद ठेवून प्रत्येक नगाची किल्ली फॅक्टरीत भरणं चांगलं.

मी यादीत न घातलेली पॅकेजं आत कशी येतात? काढू कशी?

आरडिपेंड्सने (सक्तीचं अवलंबित्व) किंवा आररेकमेंड्सने (शिफारस). शिफारस म्हणून आलेलं असेल तर बॅड_रेकमेंडेशन्स, मुळीच नको असेल तर पॅकेज_एक्सक्लूड. दोन्ही इमेजच्या नावासह लिहिता येतात. नो_रेकमेंडेशन्स सरसकट चालू करू नका. काही कर्नल मॉड्यूल शिफारस म्हणूनच येतात, आणि मग इमेज लहान होते पण वायफाय उठत नाही.

पडद्यावर मराठी दाखवायचं आहे. ते इमेजनुसार जमेल का?

बरंचसं. वॉचमनच्या केबिनमधल्या पडद्यावर "तळटाकी रिकामी" असं मराठीत आलं पाहिजे, ही मागणी अगदी रास्त आहे आणि ती पहिल्या आवृत्तीपासून पुरी करावी. इमेज_लिंग्वाजमध्ये एमआर-आयएन घाला, म्हणजे लोकेलची पॅकेजं येतील. कोअर-इमेज-मिनिमल ही यादी रिकामी ठेवते, तिच्यावरून इमेज बनवली असेल तर हे लक्षात असू द्या. फॉन्टचं पॅकेज वेगळं घालावं लागतं. डेजावू फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे नुसते चौकोन दिसतात.

फॉन्ट आला तरी जोडाक्षरं फुटलेली आणि वेलांटी भलत्याच जागी दिसत असेल, तर अक्षरजुळणी होत नाहीये. ते काम हार्फबझ या लायब्ररीचं. काही ग्राफिक्स लायब्ररींत हार्फबझचा आधार कंपाइल करताना निवडावा लागतो, म्हणजे तो पॅकेजकॉन्फिगचा विषय झाला आणि त्याची जागा डिस्ट्रोत. एकाच मागणीचे दोन तुकडे दोन ठिकाणी पडतात, ते असे.

शेवटी इमेजमध्ये काय गेलं हे कसं तपासायचं?

टीएमपी/डिप्लॉय/इमेजेस खाली इमेजशेजारी .मॅनिफेस्ट फाइल असते: पॅकेज, आर्किटेक्चर, आवृत्ती. डेव्ह आणि फील्डच्या मॅनिफेस्टचा डिफ दर रिलीजला वाचा. त्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी समजावून सांगू शकलं पाहिजे.

व्हेरिएबलची किंमत कुठून आली हे बघायला बिटबेक-गेटव्हार -आर गेटवे-फील्ड इमेज_इन्स्टॉल. कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीने काय बदललं ते क्रमाने दिसतं. एखादी फाइल कुठल्या पॅकेजची, हे ओई-पीकेजीडेटा-युटिल फाइंड-पाथ सांगतं. आणि बिल्डहिस्टरी क्लास पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. तो पॅकेजांची यादी आणि आकार गिटमध्ये साठवतो, त्यामुळे इमेज अचानक फुगली तर कुठल्या बिल्डपासून ते सापडतं.

पावसाळ्यात अर्धी टीम घरून काम करते, ऑफिसचं नेटही जातं. तिन्ही इमेज तरीही बनतील का?

तयारी असेल तर बनतील. बीबी_जनरेट_मिरर_टारबॉल्स चालू करून डाउनलोडचं फोल्डर ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवा आणि ओन-मिरर्स क्लासने सगळ्यांना तिकडे वळवा. एसस्टेटचंही तसंच, एसस्टेट_मिरर्समध्ये त्याच सर्व्हरचा पत्ता. बदलापूरला किंवा विरारला घरी बसलेल्या माणसाला मग टूलचेन (कंपायलर आणि त्याची साधनं) पुन्हा कंपाइल करावी लागत नाही. मे महिन्यात एकदा बीबी_नो_नेटवर्क लावून तिन्ही इमेज बनवून बघा. जे अडेल ते तेव्हाच मिररवर आणा.

बिल्डरूटमध्येही असंच आहे का?

नाही. बिल्डरूट हेही बोर्डासाठी लिनक्स बनवायचं साधन, पण तिथे एक कॉन्फिग म्हणजे एक रूट फाइलसिस्टिम. प्रत्येक इमेजची डेफकॉन्फिग वेगळी आणि ओ= ने दिलेलं आउटपुट फोल्डर वेगळं. त्यामुळे कंपाइलचा फरक तिथे सहज जमतो, पण सामायिक भागही प्रत्येक फोल्डरात पुन्हा कंपाइल होतो. सीकॅशने थोडा वेळ वाचतो. सामायिक पर्याय तुकड्यांच्या फाइलमध्ये ठेवून मर्ज_कॉन्फिग स्क्रिप्टने जोडा, आणि इमेजपुरत्या फाइल रूटएफएस ओव्हरलेत. एक-दोन इमेज आणि मोजकी पॅकेजं असतील तर बिल्डरूट पुरतं. इमेज वाढू लागल्या, किंवा उपकरणावर पॅकेज अपडेट द्यायचे असतील, तर यॉक्टोकडे या.